कुमुदताईंचा शब्दसेतू

लातूरच्या महाविद्यालयातल्या लेखनवर्गात नवी विद्यार्थिनी येणार, एवढंच माधव डोंगरदिवे सरांना ठाऊक होतं. प्रत्यक्षात दारात उभ्या राहिल्या त्या साठीला टेकलेल्या एक बाई. उजवा हात अधू, केसांची वेणी जरा वाकडी, नजर मात्र तल्लख. सोबत मेंदूशास्त्रज्ञ डॉ. सबा इनामदार होत्या.

"या, या ताई," सर पुढे झाले. "ही आमची मंडळी. नाव सांगा की त्यांना."

बाई ताठ उभ्या राहिल्या. "अर्जदार कुमुद चाकूरकर. सदर वर्गात हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."

वर्गात खसखस पिकली. कुमुदताईसुद्धा मनापासून हसल्या.

सरांनी मुलांना एक उतारा वाचायला दिला आणि ते डॉक्टरांना घेऊन व्हरांड्यात आले. "या नेहमी अशाच बोलतात?"

"दोष माझ्या यंत्राचा आहे," डॉ. सबा म्हणाल्या. "पक्षाघातानं त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग निकामी झाला. तिथं आम्ही शब्दसेतू बसवला, नखाएवढी चकती. काय सांगायचंय ते त्यांच्या मनात स्पष्ट असतं, पण शब्द सापडत नाही. सेतू त्यांच्या जुन्या बोलण्यातून सर्वांत संभाव्य शब्द निवडून पुढे करतो."

"आणि जुनं बोलणं म्हणजे...?"

"त्या वकील होत्या. ध्वनिमुद्रणं मिळाली ती सगळी न्यायालयातली."

सरांना हसू आवरेना. डॉक्टर मात्र गंभीर होत्या. "त्यांच्या यजमानांनी त्यांची लहान मुलासारखी सेवा केली. त्यांच्याशी चार शब्द प्रेमानं बोलायला गेल्या, तर तोंडून आलं, 'आपल्या सेवेची नोंद घेण्यात आली आहे.' त्या दिवशी खूप रडल्या. इथं यायचा हट्ट त्यांचाच."

सर परत वर्गात आले. त्यांच्या वर्गाचा एकच कडक नियम होता, तो त्यांनी नव्या विद्यार्थिनीलाही सांगितला. "पहिला सुचलेला शब्द खोडायचा, ताई. तो आपला नसतो, सवयीचा असतो."

कुमुदताईंनी डाव्या हातात पेन धरलं. शब्द आला, खोडला. दुसरा आला, तोही खोडला. तास संपला तेव्हा कागदावर नुसत्या रेघा होत्या, पण चेहऱ्यावर कोडं सोडवायला बसलेल्या माणसाची मजा दिसत होती.

पावसाळा सरला. मुलांना कुमुदताईंचा लळा लागला. त्यांचं बोलणं मात्र दिवसेंदिवस कमी होत गेलं. कधी वाक्याच्या मध्येच थांबून त्या कितीतरी वेळ छताकडे बघत राहायच्या. सरांना धास्ती वाटू लागली. आपल्या नियमानं बाईंचं होतं नव्हतं तेही गेलं की काय? शेवटी त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉ. सबा आल्या तेव्हा कुमुदताई एक कागद घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी थांबत थांबत वाचलं:

"तू रोज माझी वेणी वाकडी घालतोस. मी ती तशीच ठेवते. मान हलली की ती... खांद्याला लागते. मग तू घरी असलास तरी... इथं असतोस."

कुमुदताईंनी कागदाची घडी घातली. "काल हे नवऱ्याला वाचून दाखवलं," त्या लाजून म्हणाल्या. "तो... नुसता बसला जवळ."

डॉक्टरांनी हातातल्या टॅबवर सेतूची नोंद उघडली. पाहिली, पुन्हा पाहिली.

"सर, यातला एकही शब्द सेतूचा नाही."

"म्हणजे?"

"नाकारलेला शब्द सेतू पुन्हा सहसा देत नाही. तुमच्या नियमानं यांनी इतके शब्द नाकारले, की त्याच्याकडे खात्रीचा शब्दच उरला नाही. तो गप्प झालाय. मग मेंदूला स्वतः शोधावं लागलं, आणि शोधता शोधता शेजारच्या निरोगी भागातून नवी वाट पडली."

"मग ही तर आनंदाची गोष्ट!"

"यांच्यासाठी, हो." डॉक्टर बाकावर बसल्या. "पण आमचे बाकीचे रुग्ण? एवढ्या वर्षांत त्यांच्यात एकालाही स्वतःचा शब्द सापडला नाही. मला वाटायचं, त्यांच्या मेंदूत ती ताकदच उरलेली नाही. पण सेतू शब्द लगेच हातात ठेवतो, मग मेंदू शोधेल कशाला? आणि आता येतोय तो नवा सेतू. पापणी लवायच्या आत शब्द देणारा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम म्हणून मी तो मिरवत होते."

कुमुदताई डॉक्टरांकडे पाहत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, थांबले. पुढच्या बाकावरच्या मुलीला शब्द सुचवायचा मोह झाला, पण सरांनी हातानंच तिला थांबवलं. सगळा वर्ग वाट पाहत राहिला.

"हळू," शेवटी कुमुदताई म्हणाल्या. डॉक्टरांच्या खांद्यावर त्यांनी डावा हात ठेवला. "सेतूला... हळू करा."