एकाहत्तर दिवे

जुळे सोलापुरातल्या त्या घरात नवा टीव्ही घ्यायचा विषय निघाला की गिरिजाबाई दोनच शब्द बोलत: "चालतोय की." या दोन शब्दांच्या जोरावर त्या घरात एक मिक्सर एकोणीस वर्षं टिकला होता आणि एक स्कूटर अजून चौकापर्यंत जात होती. टीव्ही तर त्यांच्या यजमानांनी, सिद्धप्पांनी, रिक्षात मांडीवर धरून आणलेला. सिद्धप्पांना जाऊन सहा वर्षं झाली होती. टीव्ही होता.

म्हणून एप्रिलमध्ये नातीनं, आरोहीनं, हैदराबादहून सिनेमाची डिस्क पाठवली, तेव्हा ती या टीव्हीवर दिसेलशी करायचं काम तिच्या आईकडे, महेश्वरीकडे, आलं.

महेश्वरी म्हणजे गिरिजाबाईंची सून. ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवत होती, आणि घरात तिचं बोलणं प्रयोगवहीतल्या नोंदींइतकंच असे. आरोही सिनेमातली दृश्यं संगणकावर रचणाऱ्या एका कंपनीत होती. एका मोठ्या ऐतिहासिक चित्रपटात राणीची नाव संध्याकाळी घाटाला लागते आणि घाटाच्या पायऱ्यांवर पणत्या तेवत असतात, असं चाळीस सेकंदांचं दृश्य होतं. शूटिंगच्या वेळी तिथं एकही पणती नव्हती. सगळ्या आरोहीनं नंतर लावल्या, एकेक करून, चार महिने. "मोजून एकाहत्तर, आई," ती फोनवर म्हणाली होती. "एकीची ज्योत दुसरीसारखी हलत नाही."

डिस्क नव्या पद्धतीची होती. तिच्यावर उजेडाच्या हजार पायऱ्या होत्या आणि घरच्या टीव्हीला शंभरच ठाऊक होत्या. हा हिशेब न बसवता नुसती नक्कल उतरवली, तर सगळा सिनेमा राखेच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखा दिसे. त्यामुळे डिस्क संगणकावर उतरवायची, हजार पायऱ्या शंभरात बसवणारा प्रोग्राम चालवायचा आणि तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावायची. महेश्वरीनं असे दहाबारा सिनेमे उतरवले होते. प्रत्येकाची वहीत नोंद होती.

या खेपेला मुदत होती. शुक्रवारी गिरिजाबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. साखरेमुळं तारीख दोनदा पुढं गेली होती, आणि आता साखर उतरली तर गिरिजाबाईच अडून बसल्या. आधी पोरीचे दिवे दाखवा, मगच डोळ्याला हात लावू देते, असं त्यांनी डॉक्टरांसमोर जाहीर केलं. शिवयोगीनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ऑपरेशननंतर ते जास्त चांगले दिसतील असं समजावून पाहिलं.

"आणि नाही दिसले तर?" गिरिजाबाई म्हणाल्या. "एकच डोळा हाय. मग तू काय गाऊन दाखवणार हायेस का दिवे?"

शिवयोगीचा आवाज सगळ्यांना माहीत होता. विषय तिथंच मिटला.

सोमवारी दुपारी, खिडक्यांवर चादरी ठोकलेल्या खोलीत, महेश्वरीनं काम लावलं. बाहेर बेचाळीस अंश होते. चार तासांनी फाइल झाली. सासूला दाखवण्याआधी स्वतः तपासायचं म्हणून ती टीव्हीसमोर बसली. नाव घाटाला लागली, राणी उतरली. महेश्वरीनं चित्र थांबवून दिवे मोजले. अठ्ठावन्न.

सगळ्यात वरच्या पायरीवरचे तेरा नव्हते. म्हणजे पणत्या होत्या, वाती होत्या. ज्योती नव्हत्या.

मूळ डिस्कवर एकाहत्तर दिवे व्यवस्थित जळत होते. तिनं वहीत लिहिलं: जास्त उजेडाची गोष्ट दाबली तर फिकी पडते, पांढरी होते. विझत नाही. त्याखाली रेघ मारली.

मंगळवारी तिनं आकडे बदलून पुन्हा काम लावलं. चाळीस. आणखी दोन पायऱ्या अंधारात गेल्या होत्या.

बुधवार पाण्याचा दिवस. नळ चौथ्या दिवशी येई, त्यामुळे पॅसेजमधलं मोठं निळं पिंप भरताभरता तिनं दुसराच प्रोग्राम बसवला आणि तो चालवला. बावीस. शिवाय एक नवी गोष्ट झाली. मूळ दृश्यात घागर घेतलेला एक माणूस भराभर पायऱ्या उतरतो. बुधवारच्या फाइलमध्ये तो काळोख्या पायरीवर थांबला, एक पाय पुढं करून पायरी चाचपली, आणि मग उतरला.

महेश्वरीनं ते अकरा वेळा पाहिलं आणि मुलीला फोन लावला. तो माणूस संगणकातला आहे की खरा, एवढंच विचारलं. खरा, आरोही म्हणाली, जवळच्याच गावातला रोजंदारीवर आणलेला. संध्याकाळ नंतर केली, शूटिंग भर दुपारी बाराला झालं. "तो कशाला चाचपडेल, आई? उन्हानं डोळे दिपत होते त्याचे."

रात्रीच्या जेवणाआधी शिवयोगीनं ते दृश्य पाहिलं आणि तो हसला. "अप्पा आत जाऊन बसलेत वाटतं," तो म्हणाला. मग हसायचा थांबला, आणि उद्या मोडनिंबला जायचंय म्हणून लवकर झोपायला गेला. मोडनिंबला त्याचं काम पुढच्या सोमवारी होतं.

अप्पा म्हणजे सिद्धप्पा. चौतीस वर्षं सूतगिरणीत वायरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले दिवे बंद करायचं काम अंगावर घेतलं. क्रम ठरलेला: आधी मागचं न्हाणीघर, मग व्हरांडा, स्वयंपाकघर, पॅसेज, हॉल, आणि शेवटी स्वतःच्या खाटेवरचा. म्हणजे पार मागून सुरुवात करून आपल्यापर्यंत यायचं. खोलीत कुणी बसलंय का, ही चौकशी त्या पद्धतीत बसत नव्हती. टक् करून बटण दाबायचं आणि पुढं व्हायचं. कुंभारी गावात पुतण्याच्या लग्नात त्यांनी मांडवातले दिवे बंद केले होते, तेव्हा नवरदेव अजून पानावर होता. वरपक्षानं लाडू चाचपून खाल्ले.

यावर घरात एकच उपाय चाले. गिरिजाबाई बसल्या जागेवरून, मान वर न करता, त्यांच्या कन्नडमध्ये हाक देत: "इन्ना एच्चर अदीन्री." अहो, मी अजून जागी आहे. एवढं ऐकलं की सिद्धप्पा मुकाट मागे येऊन तेवढा दिवा पुन्हा लावून देत.

महेश्वरीला हे सगळं आठवलं. वहीत लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं रजा टाकली आणि शेवटचा प्रयत्न केला. या वेळी हेडफोन लावून बसली. दृश्य बावीस दिव्यांनी सुरू झालं. राणीनं नावेतून पाय बाहेर टाकला, आणि घाटावरचा एक दिवा गेला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मागे ढोल वाजत होते, आणि त्यांच्या खालून दर दिव्याला एक बारीक आवाज येत होता.

टक्.

मातीच्या पणतीला बटण नसतं.

दृश्य संपलं तेव्हा नऊ उरले होते, पाण्यालगतच्या पायरीवर, चित्राच्या अगदी पुढच्या कडेला. घागरवाला दिसतच नव्हता.

महेश्वरीनं हेडफोन काढले आणि हॉलमध्ये गेली. गिरिजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, बोटांनीच बघत. सासूशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं कसं बोलावं तेही सुचेना. शेवटी तिनं चार दिवसांचे आकडे क्रमानं सांगितले. वर्गात सांगते तसे.

गिरिजाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कुठनं विझाय लागले? मागनं का फुडनं?"

"मागून, अत्ती."

"व्हय." त्यांनी शेंग फोडली. "आणि आता कुठवर आलेत?"

कोण, हे महेश्वरीनं विचारलं नाही. "शेवटच्या पायरीपर्यंत."

"मला ने तितं."

तिनं त्यांना हाताला धरून संगणकासमोरच्या खुर्चीत बसवलं. गिरिजाबाईंनी पदर सारखा केला. पडद्याकडं बघितलंही नाही, कारण बघून काही स्पष्ट दिसणार नव्हतं. मान खाली ठेवून, नेहमीच्या किंचित वैतागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या:

"इन्ना एच्चर अदीन्री."

पंखा फिरत होता. त्यांनी थोडं थांबून काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली.

"लाव आता."

महेश्वरीनं तेवढंच दृश्य लावलं. आकडे सोमवारचेच ठेवले, एकही न बदलता. सहा मिनिटं लागली.

एकाहत्तर.

तिनं दोनदा मोजले. घागरवाला भराभर उतरला.

गिरिजाबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून ते चाळीस सेकंद पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. मोतीबिंदूमुळं प्रत्येक ज्योतीभोवती त्यांना एक कडं दिसत होतं, आणि तेही आरोहीनंच काढलंय अशी त्यांची समजूत झाली. ती कुणी मोडली नाही. गड्ड्याच्या जत्रेत लहानपणी असं दिसायचं, त्या म्हणाल्या. "एकटीनं लावलेत व्हय पोरीनं हे समदे?" आणि डोळे पुसून, "बरं. कापू दे आता डोळा."

ऑपरेशन चांगलं झालं. महेश्वरीनं सोमवारच्याच आकड्यांनी सगळा सिनेमा उतरवला आणि त्याची ओळखसंख्या वहीत लिहून ठेवली. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी ही लांबलचक संख्या बदलते, असा तिचा उपयोग. महिन्यानं चष्मा आला. आता गिरिजाबाईंना ताटातल्या जिरं-मोहरीतला फरक दिसत होता आणि सुनेच्या भाकरीची कडाही दिसत होती. दोन्हींवर त्या बोलत. रोज दुपारी तीनला राणीची नाव घाटाला लागे.

जूनमध्ये एका दुपारी चहा घेऊन जाताना महेश्वरीनं सवयीनं दिवे मोजले.

सत्तर.

वरच्या पायरीवर, डावीकडून पहिला. पणती होती, वात होती.

तिनं पेनड्राइव्ह काढून ओळखसंख्या पुन्हा काढली. वहीतल्या संख्येशी अंकाला अंक जुळला. फाइलमध्ये काहीही बदललं नव्हतं.

एका नोंदीवरून आलेखाची रेघ काढता येत नाही, हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. रेघेला दुसरी नोंद लागते. ती दुसरी नोंद आपण घ्यायची नाही, असं तिनं ठरवलं. त्या दिवसापासून तीनच्या सुमाराला तिला स्वयंपाकघरात काम निघू लागलं.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी ती ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. हॉलमध्ये ढोल वाजले आणि मध्येच थांबले. चित्र थांबवलं होतं. गिरिजाबाई मोजत होत्या, सावकाश, कन्नडमध्ये. लग्न होऊन आली तेव्हा महेश्वरीला त्यातलं काही कळत नव्हतं. आता शंभरापर्यंत कळत होतं.

त्या एकोणसत्तरावर थांबल्या.

नऊ दिवसांत एक. तिनं ठरवलं नव्हतं, पण गुणाकार होऊन गेला होता. उरलेल्या एकोणसत्तरांना पावणेदोन वर्षं, थोडी कमीच.

मग गिरिजाबाईंचा आवाज आला, अंधारात येणाऱ्या घरच्या माणसाला सांगावं तसा.

"सावकाश बर्री."

सावकाश या. आणि मग त्याच भाषेत त्यांनी हेही सांगितलं की पॅसेजमध्ये मोठं निळं पिंप आहे, ते तुम्ही गेल्यानंतर घेतलंय, तुम्हाला ठाऊक नसेल.