दिशाच्या चौकोनाचे सात टाके

तो कोपरा मी खरंच शिवला होता का, याची मला बरीच वर्षं खात्री नव्हती. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण आता स्वतःच्या आठवणीवर भिस्त ठेवायची हिंमत होत नाही. तरी आठवतं तसं सांगतो.

माझ्या बायकोने, विनिताने, जायच्या आधी घरातल्या चौघांच्या जुन्या कपड्यांचे वीतभर चौकोन शिवले, गोधडीच्या टाक्यांचे. मुलगा सुदेश, सून, नात दिशा आणि मी. फ्रेम करून भिंतीवर लावायला. प्रत्येकाचा एक कोपरा मात्र तिने उघडा ठेवला. तिच्या गावची रीत.

"माणूस आहे तोवर त्याचा कोपरा शिवायचा नाही, अहो. शिवला की गोधडी पुरी झाली, आणि माणूसही."

मी हसलो होतो.

ती गेल्यावर वर्षभराने मी चौकोन घेऊन खोपटला शिवरामच्या फ्रेमच्या दुकानात गेलो.

"सर, या पिवळ्याचे दोरे लोंबतायत. काचेखाली बरं नाही दिसणार, शिवून आणा. सुई धरता येते ना? की त्यालापण पीएचडी लागते?"

पिवळा म्हणजे दिशाच्या लहानपणीचा फ्रॉक. डोंबिवलीला घरी येऊन मी निळ्या दोऱ्याने सात टाके घातले. रीत आठवत होती. आपण घाबरतोय याचीच लाज वाटली, म्हणून घातले.

तीन फ्रेमा भिंतीवर लागल्या. माझी मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. जिवंतपणी स्वतःला भिंतीवर टांगणं बरं वाटेना.

तिसऱ्या दिवशी दिशा तापाने फणफणली. डेंग्यू. हॉस्पिटलमधून सुदेशचा फोन आला. "बाबा, प्लेटलेट्स उतरतच चालल्यात. तुम्ही घरीच थांबा..."

दुपारचे तीन. वीज गेलेली, पंखा थांबलेला, खिडकीतून कारखान्यांचा आंबूस वास. फ्रेम उतरवून टाके उसवावेत म्हणून उठलो, पण ती खिळ्यावरून निघेना.

"विनिता," मी म्हणालो, "चूक माझी आहे गं... पोरीची नाही."

मग आवाज आला. जाड कापडातून दोरा ओढल्याचा. सर्र... थोडं थांबून पुन्हा, सर्र... काचेच्या आतून. खोबरेल तेलाचा आणि तिच्या धुतलेल्या सुती साडीचा वास खोलीत पसरला. मी भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसलो आणि मोजत राहिलो. मला तेवढंच येतं.

सात झाले.

संध्याकाळी सुदेशचा फोन आला, प्लेटलेट्स वाढायला लागल्या होत्या. मी वळून पाहिलं. पिवळा कोपरा उघडा होता.

दिशा घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. "आजोबा, तुम्ही शिवलाच नसेल. सुईत दोरा तरी ओवता येतो का तुम्हाला?" मलाही ते पटत गेलं.

गेल्या महिन्यात, म्हणजे सहा वर्षांनी, फ्रेमांना बुरशी धरली म्हणून चारही शिवरामकडे नेल्या. मागची चिकटपट्टी त्याचीच होती, तशीच शाबूत. त्याने ती कापली. पिवळ्या कोपऱ्यात सुईची भोकं होती, सात टाक्यांची. म्हणजे मी शिवला होता.

"आणि दोरा?" मी विचारलं.

शिवरामने माझी फ्रेम वर्तमानपत्रातून सोडवून पुढे सरकवली. माझ्या जुन्या शर्टाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके होते, विनिताचे असायचे तसे बारीक आणि सरळ. उरलेला दोरा नीट गुंडाळून शेजारीच, काचेच्या आत ठेवला होता.

चार टाक्यांना पुरेल एवढा.