मीटररूममधला पाला

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या नाकाला रुमाल बांधलेला होता आणि हातात अळ्यांनी वळवळणारं फावडं होतं. अशा अवतारातल्या मुलीच्या कुणी प्रेमात पडत नाही. निदान मी तरी तसं कधी ऐकलं नव्हतं.

"इथे काही मेलंय का?" मागून आवाज आला.

मी वळले. श्रावणातली भुरभुर चालू होती. वेलची केळ्यांचा अख्खा लोंगर खांद्यावर घेऊन एक मुलगा गेटपाशी उभा होता... उंच, सावळा, आणि हसू दाबायचा जराही प्रयत्न न करणारा.

"हो. माझी अब्रू," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत घरोघरी बेल वाजवून, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असं मीच सगळ्यांना पटवलं होतं. पार्किंगच्या मागे खताचे दोन ड्रम माझ्याच हट्टाने आले. उन्हाळाभर सगळं छान चाललं. पावसाळा लागला आणि ड्रम असे घमघमायला लागले की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. गणपतीपर्यंत वास गेला नाही तर ड्रम बाहेर, असं आमचे सेक्रेटरी हरिभाऊकाका सांगून गेले होते.

मुलाने ड्रममध्ये डोकावून पाहिलं. "सुकं काही घालत नाही का?"

"घालते ना! पण पावसात सुका पाला आणू कुठून? कॅलेंडरची पानं फाडू?"

तो मोठ्याने हसला. "गिरीजला आमची वाडी आहे. केळीचा सुका पाला आई माळ्यावर भरून ठेवते. पुढच्या रविवारी आणतो. तसंही मला इथे यावंच लागतं... सँड्रा आंटींना केळी द्यायला."

सँड्रा आंटी आमच्या पहिल्या मजल्यावर राहतात. माहेरच्या गिरीजच्याच. मुलाचं नाव तेजस, हे मी संध्याकाळी त्यांच्याकडून काढून घेतलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

पुढच्या रविवारी तो खरंच आला. स्कूटरवर पायांशी पाल्याची गोणी, गोणीवर नीट गुंडाळलेला रेनकोट, आणि स्वतः नखशिखान्त भिजलेला.

"अहो, रेनकोट तुम्ही घालायचा असतो!"

"मी वाळतो," केस झटकत तो म्हणाला. "पाला वाळत नाही."

मग दर रविवार आमचा झाला. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर चुरलेल्या पाल्याचा एक थर. मी टाकायचे, तो ढवळायचा. गणपती यायच्या आतच वास गेला आणि ड्रममधून ओल्या मातीसारखा सुगंध यायला लागला. 'अहो' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

"बटाट्याच्या इतक्या साली? कुणाचा उपवास?" एकदा त्याने विचारलं.

"माझा. सोमवारचा."

"चांगला नवरा मिळावा म्हणून?"

"वजन कमी व्हावं म्हणून!"

"मग उपवास सोड," पाला चुरत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "काही गरज नाही."

त्या दिवशी मी ड्रमचं झाकण उलटं लावलं.

आता खरी पंचाईत झाली. पाऊस ओसरत चालला होता, पाला कमी लागत होता. पण पुरे म्हटलं तर तो यायचाच कशाला? म्हणून दर रविवारी मी बिनदिक्कत सांगायचे, "पाला संपला," आणि उरलेली गोणी गुपचूप मीटररूममध्ये ढकलायचे.

पण चोरी कधीतरी उघडकीला येतेच. एका रविवारी बिल्डिंगचे दिवे गेले, आणि हरिभाऊकाकांनी मीटररूमचं दार उघडलं.

तेजस नुकताच ड्रमपाशी गोणी रिकामी करत होता. काका डोक्यावरचा पाला झटकत तरातरा आले.

"पूर्वी! अगं, मीटरजवळ सुका पाला? एक ठिणगी पडली असती तर? छतापर्यंत गोण्या आहेत! आणि हा बिचारा अजून आणतोच आहे!"

धरणीमातेने पोटात घ्यावं असं झालं मला. तेजसने माझ्याकडे पाहिलं. "तू तर... संपला म्हणत होतीस."

"बाबा रे, आता त्रास नको घेऊस," काका त्याला म्हणाले. "माझ्या भाच्याचा, मितेशचा, वालीवला फर्निचरचा कारखाना आहे. लाकडाचा भुसा लागेल तेवढा पाठवतो म्हणाला. ड्रम काही जात नाहीत आता."

ड्रम कायमचे वाचले. मी आनंदाने उडी मारायला हवी होती. पण मला दिसत होती ती फक्त तेजसच्या हातातली रिकामी गोणी. तो तिची घडी घालत होता... साडीची घालावी तशी, हळूहळू.

"बरं झालं," तो म्हणाला. "मग आता... सँड्रा आंटींना केळी द्यायला आलो तर भेटूच."

"कसली केळी रे?" वरच्या गॅलरीतून सँड्रा आंटी ओरडल्या. "एकच लोंगर मागवलेला मी! त्यानंतर माझी बेल तरी वाजवलीस का कधी?"

तेजस कानापर्यंत लाल झाला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मी... जरा फ्यूज बघतो," म्हणून ते निघून गेले.

आता गप्प बसले असते तर जन्मभर पस्तावले असते.

"मीच लपवला पाला," मी म्हणाले. "भरपूर आहे म्हटलं असतं तर तू आला नसतास. तू मला आवडतोस, तेजस. पाला राहू दे घरी... तू ये ना."

त्याने घडी घातलेली गोणी उगाच पुन्हा उलगडली.

"आई रोज ओरडते. माळा रिकामा केलास म्हणते. मी सांगतो, फुलपाड्यात अजून फार वास येतो."

"वास तर कधीच गेला!"

"माहितेय गं," तो हसला, तसाच, अजिबात न दाबता. "नाक मलाही आहे."

पुढच्या रविवारी स्कूटरवर गोणी नव्हती. मागची सीट पुसून कोरडी केलेली होती.

"आज काय आणलंस?" काकांनी गेटवरूनच विचारलं.

"काही नाही, काका. आज न्यायला आलोय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आईने बोलावलंय. तिचा माळा कुणामुळे रिकामा झाला ते तिला बघायचंय."

मी पहिल्या चाळलेल्या खताची पिशवी त्याच्या आईसाठी भरून ठेवली होती. पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसते न बसते तोच सर आली. त्याने अंगातला रेनकोट काढला, मागे वळला आणि माझ्या खांद्यांवर घातला.

"अरे, तू भिजशील!"

"मी वाळतो," म्हणत त्याने स्कूटर सुरू केली.