दहावा तुकडा

१९५७ साली चांदा जिल्ह्यात मी पीककापणी प्रयोगाचा कारकून होतो. वडश्यापासून बैलगाडीने चार तासांवरच्या एका गावात चिठ्ठ्या टाकून धानाच्या शेतांतले दहा सारखे तुकडे निवडले. खुंट्या ठोकून दोरी ताणली. माझ्यासमोर कापणी, झोडणी, तोलणी झाली. नऊ तुकड्यांची सरासरी अकरा शेर आली. जंगलाकडेचा दहावा मात्र चौदा शेर भरला. तो मीच कापला; तेव्हा विळा लागून माझं बोट चिरलं होतं.

दहाच तुकड्यांवरून साऱ्या गावाचा अंदाज करायचा, म्हणून दोन टोकं द्यायची: खरी सरासरी बहुधा यांच्यामध्ये. खालचं टोक दहा शेरांखाली गेलं तरच गावाला सरकारी धान्य मिळणार होतं.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मुखरूभाऊंच्या ओसरीवर मी ही टोकं काढायचं टी-कोष्टक उघडलं. "नवाची ओळ... २.२६२," पुटपुटत गुणाकार केला. खालचं टोक आलं १०.०८. दोनदा तपासलं, माझ्या गणितावर माझाच भरवसा नसतो.

"दहा कापले न बाबू? मंग नवाची ओळ काऊन?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"सरासरी ठरली की नऊच आकडे मोकळे, भाऊ. दहावा आपोआप बांधलेला."

ते हसले. "येवढ्यासाठी कालेज शिकले? दहावा जंगलवाल्या देवाचा. आमी त्याले विळा लावत नाई."

"मी तर कापला."

"जाऊन पाहा."

भर दुपारी गेलो. खुंट्या होत्या, दोरी होती. दोरीच्या आत धान उभं होतं. लोंब्या भरलेल्या.

बोट अजून ठणकत होतं.

परत येऊन दहावं पोतं सोडलं. गाठ माझीच होती. आत दाणा नव्हता.

रिकामं पोतं तराजूत ठेवलं. दुसऱ्या पारड्यात चौदा शेरांची वजनं टाकली तेव्हा काटा मधोमध आला.

मग तक्त्यात लिहिलं, 'दहावा: उभा आहे.' ते खोटं नव्हतं. नऊ तुकडे धरले, आठाची ओळ घेतली, २.३०६. खालचं टोक ९.८५.

"आता जमला हिशोब," मुखरूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

गावाला धान्य मिळालं. चूक माझीच असेल, पण तिचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते पोतं मी सोबत आणलं. आजही घरी आहे, रिकामंच. हलवताना दोन हात लागतात.