बिननावाची हाक

शनिवारी सकाळी नारळ खवता खवताच आमच्या बागेतला दिवस उजाडतो. थाचीन नदीच्या काठी, खांबांवर उभी केलेली सागवानी घरं, पुढे कमळांची तळी, भात कांडायचं उखळ. बँकॉकहून आणि परदेशातून लोक येतात आणि आमच्या आज्यांचं जगणं तिकीट काढून बघतात. मी स्वयंपाकघर सांभाळते. माझी मुलगी चाबा पाहुण्यांपुढच्या खेळात नाचायची. लहानपणी उखळावर आपटून तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. "तोंड मिटून हस गं," असं बागेच्या मालकीणबाई दर खेळाआधी बजावायच्या. ती कसली ऐकतेय!

नाचानंतर जिवाला बोलावण्याचा विधी असतो. माणूस दचकला, आजारी पडला की त्याचा जीव बाहेर कुठेतरी घुटमळत राहतो. त्याला नावानं हाक मारून घरी आणायचं, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा आणि ताटातलं उकडलेलं अंडं त्या माणसाला खायला द्यायचं. थोंगबाय काकांनी आयुष्यभर हे काम केलं. पण परदेशी पाहुण्यांची नावं काही त्यांच्या जिभेवर बसेनात.

"काका, नाव गाळून टाका," मालकीणबाई म्हणाल्या. "नुसतं 'ये, घरी ये' म्हणा. फोटोत नाव थोडंच दिसतंय?"

"नावाशिवाय हाक मारायची म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपायचं," काका कुरकुरले. पण नाव त्यांनी गाळलं.

पाहुण्यांपैकी कुणी ते अंडं खात नसे. ते माझ्याकडे परत यायचं. एकदा सोललं तर आत बलक नव्हता. पुढच्या खेपेला निम्मं पांढरंही नव्हतं. कवच मात्र अखंड. मी अंडीवालीला फैलावर घेतलं.

"अगं बाई, कोंबडीच्या पोटात आता मी शिरू का?" तीच माझ्यावर उखडली.

तिचंही खरं होतं. त्याच टोपलीतली बाकीची अंडी भरलेली निघत. विधीच्या ताटातलं तेवढं पोकळ असायचं आणि त्याला नदीच्या गाळाचा वास यायचा. मी काकांना दाखवलं. त्यांनी कवच हातात फिरवून खाली ठेवलं.

"कुणीतरी जेवून जातंय," एवढंच ते म्हणाले.

पावसाळा सरताना, काकांची हाक चालू असतानाच चाबा धक्क्यावरून पाण्यात पडली. नावाड्यानं तिला लगेच बाहेर काढलं. डॉक्टरांनी सगळं तपासून ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. पण भिंतीकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायची. भरवलेला घास तोंडात तसाच राहायचा. माझी पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

"काका, तिला बोलवा. नावानं बोलवा."

"लाम्यै, आता या नदीत कुणाकुणाला माझा आवाज ओळखीचा झालाय. मी हाक मारली तर कोण येईल, मला नाही सांगता यायचं."

"मग मरू देऊ तिला?"

काकांनी मासे धरायची जाळी घेतली. भर दुपारी धक्क्यावर बसून ते ती पाण्यात बुडवत होते, वर काढत होते. "चाबा, ये गं. पाणी गार आहे. आई वाट बघतेय." जाळी वर यायची, पाणी गळून जायचं. मग एकदा ती उचलताना काकांचे दंड थरथरले. जाळीत काहीच नव्हतं. तरी ती दोन्ही हातांनी सावरत त्यांनी घरापर्यंत आणली आणि चाबाच्या मांडीवर उपडी केली. मी दोरा बांधला.

"आई, भूक लागली," चाबा म्हणाली.

अंडं तिनं कवचासकट खाल्लं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी आनंदानं रडत होते.

शनिवारी काकांनी वरच्या ओसरीवर हाक दिली, "ये, घरी ये." स्वयंपाकघरात माझ्याशेजारी केळीचं पान फाडत बसलेली चाबा हळूच म्हणाली, "आलेय की."

आणि तोंड मिटून हसली.

दुसऱ्या दिवशी मी एक अंडं उकडून धक्क्यावर नेलं. चाबा वर खिडकीत केस विंचरत होती, मला दिसत होती. मी पाण्याकडे वाकून तिचं नाव घेतलं. मग अंडं सोललं.

अखंड कवचाच्या आत अर्धं अंडं खाल्लेलं होतं. चाव्याच्या कडेला तुटक्या दाताची खूण होती.

तिला परत आणा म्हणून मी काकांचे पाय धरले.

"आता जागा कुठंय, लाम्यै?" ते म्हणाले. "आतलं बाहेर काढलं तर देहच जाईल."

तेव्हापासून मी रोज एक अंडं धक्क्यावर नेते. वरून चाबा गोड आवाजात जेवायला बोलावते, आणि मी जाते.

चावा दिवसेंदिवस लहान होत चाललाय. काल अंडं पुरतं शाबूत होतं, त्यावर फक्त दात टेकल्याची खूण होती.