कळकाच्या बेटातली हाक

नूतनच्या कोंबड्या दुसऱ्या कुणाच्या हाकेला येत नसत. गावात तसंच असतं, घराघराची हाक निराळी. शेजारची विमलबाई ‘बाऽ बाऽ बाऽ’ करायची, वरच्या आळीत कुणी नुसती जीभ वाजवायचं. नूतन ‘तीऽ तीऽ तित्ती’ म्हणायची. लहानपणी विषमज्वरात तिचा घसा बसला, तो पुरता कधी सुटलाच नाही. त्यामुळे शेवटच्या ‘ती’वर तिचा आवाज चिरकून फाटायचा. सासूबाई इंदुबाई हसायच्या, “आमच्या घरात अशी हाक कोनी मारली नव्हती गो.” पण त्या फाटक्या आवाजावर अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा शेतातून, गवतातून, कुठून कुठून धावत यायचे.

घर निडी स्टेशनच्या अलीकडे, रुळांपासून दोन शेतं आत, गावातलं शेवटचं. पुढे वालाचं शेत आणि मागे परसू. परसवाच्या कुंपणापलीकडे ओढा, जानेवारीतच आटलेला, आणि ओढ्याच्या काठाला कळकाचं जुनं बेट. कळक म्हणजे काटेरी जाडा बांबू. बेट इतकं दाट, की भर दुपारीही आत ऊन पोचायचं नाही. नवरा सुशील धाटावला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. पहाटे पाचच्या बसने जायचा, साडेतीनला परत. मधल्या वेळात घरात दोघी बायका आणि दारात कोंबड्या.

पहिली कोंबडी गेली ती मंगळवारी. तुऱ्याची पांढरी, नुकतीच खुडूक बसायला लागलेली. नूतनने परसू पालथा घातला. मुंगूस नेतं तेव्हा पिसं सांडतात, मातीत ओढल्याची रेघ असते. रानमांजर मानेचा चावा घेतं, थेंबभर का होईना रक्त पडतं. घार मोठी कोंबडी उचलत नाही. इथे पीस नव्हतं, रक्त नव्हतं आणि कोंबड्यांचा कलकलाटही झाला नव्हता.

“तू झोपली असशील,” सुशील म्हणाला.

“मी भांडी घाशीत होते. कोंबडा हू की चू करायला नाय. साप दिसला तरी गाव गोळा करतो तो.”

दोन दिवसांनी दुसरी गेली. मग नूतनने कंबर कसली. कुंपणाला खालून हातभर खोल खणून जाळी पुरली. तळाला दगड लावले. घारींसाठी दोऱ्यांवर गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगल्या, त्या उन्हात लकलक करायच्या. परसवातलं घाणेरीचं रान तोडून काढलं. खुराड्याला नवी कडी बसवली, पण त्याचा उपयोग काय, जे व्हायचं ते दिवसाढवळ्या होत होतं. साडेबारा ते दोन, इंदुबाई आडव्या होत आणि नूतन मागची कामं उरकत असे, तेवढ्यात.

तिसरी गेली. चौथी तांबडी, तिची सगळ्यात लाडकी, तीही गेली.

मग तिला राख सुचली. चुलीतली राख चाळून तिने कुंपणाच्या कडेने पसरली. जे काही येईल त्याचं पाऊल उमटेल. दुसऱ्या दिवशी पाचवी कोंबडी गेली आणि नूतन राखेपाशी उकिडवी बसली.

येणाऱ्याचं पाऊल नव्हतंच. होती ती जाणाऱ्या कोंबडीची. तीन बोटं पुढे, एक मागे. कोंबडी कधी सरळ चालत नाही. दोन पावलं टाकते, उकरते, वळते, परत फिरते. ही पावलं सुतात आखल्यासारखी गेली होती. कुंपणापर्यंत, आणि कुंपणावर बसून पलीकडे उतरल्यावर ओढ्याच्या वाळूतून तशीच सरळ, कळकाच्या बेटाकडे.

नूतनच्या मनात तेव्हाच एक नाव आलं.

ओढ्यापलीकडच्या वाडीतला केरू साठीचा होता. टोपल्या विणायचा, वालाच्या कापणीला दरसाल त्यांच्याकडे यायचा. पाखरांचे आवाज काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. तितराला तो शेतातून तोंडाने बोलावून घ्यायचा, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. टोपल्यांसाठी कळक तोडायला तो याच बेटात यायचा. वाईट होतं ते हे, की एवढं सगळं जुळत होतं.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी तो बेटातून बाहेर येताना दिसला. खांद्यावर गोणपाट, त्यात काहीतरी भरलेलं. नूतन तशीच ओढ्यात उतरली.

“केरूदादा, गोनीत काय हाय?”

केरू थांबला. कुंपणाशी विमलबाई येऊन उभी राहिली, हे दोघांनाही दिसलं.

“काड्या हायेत वहिनी.”

“दाखवा.”

त्याने तिच्याकडे बघितलं. मग गोणपाट उलटं केलं. कळकाच्या चिरलेल्या काड्या वाळूत पसरल्या. त्यांत दुसरं काही नव्हतं.

“पाच कोंबड्या गेल्या माझ्या,” नूतन म्हणाली. आवाज चढलाच. “सगळ्या हितंच आल्या. आपल्या पायांनी आल्या. कोनीतरी बोलावल्याबिगर कोंबडी येत नाय.”

केरू खाली बसून काड्या गोळा करायला लागला. मग मान वर न करता म्हणाला, “तुमीच तर बोलावता.”

“काय?”

“रोज दुपारला. मी तिकडच्या बाजूला कळक तोडतो, तुमी आतमंदी हाक मारता. तुमची फाटकी तित्ती. मला वाटलं, वहिनी कोंबड्यांना रानात का चारतात? पन बायमानूस एकलं आत, म्हनून मी कदी तिकडं आलो नाय.”

विमलबाई हसली. नूतन नाही हसली. तिला वाटलं, हा माणूस चोर तर आहेच, वर थापही अशी मारतोय की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तिने तोंडाला येईल ते सुनावलं. केरूने गोणपाट खांद्यावर घेतलं.

“तुमच्या दारात वीस वरसं पानी प्यालोय,” तो म्हणाला. “उद्या दुपारला येतो. तुमच्या बाजूला बसतो. माझं तोंड तुमच्यासमोर राहील. मग काय ते ठरवा.”

शनिवारी तो खरंच आला. मागच्या पडवीत खांबाला टेकून बसला, तिच्यापासून दोन हातांवर. नूतनने पाणी दिलं, त्याने तांब्या तसाच बाजूला ठेवला. इंदुबाई आत घोरत होत्या. उन्हाने परसू पांढरा पडला होता. उरलेल्या सहा कोंबड्या आणि कोंबडा रामफळाच्या सावलीत मातीत अंग घोळवत होते. पावणेएकची गाडी रोह्याकडे गेली, तिचा आवाज विरला, मग फक्त सीड्यांची टिकटिक राहिली.

नूतन केरूच्या तोंडावरची नजर हलवत नव्हती.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “माझ्याकडं नका बघू. कोंबड्यांकडं बघा.”

सगळ्या कोंबड्यांनी एकदम माना वर केल्या होत्या.

आणि मग हाक आली.

“तीऽ तीऽ तित्ती...”

बेटातून आली. लांबून, पण स्पष्ट. शेवटचा ‘ती’ चिरकला, फाटला.

नूतनचा हात आपोआप गळ्यावर गेला. तिने केरूकडे बघितलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

कोंबड्या उठल्या. एकामागे एक, न उकरता, न वळता, कुंपणाकडे निघाल्या.

“थांबवा त्यांना,” केरू कुजबुजला.

नूतन उठून उभी राहिली. तिने हाक मारली, जशी रोज मारायची तशीच. “तीऽ तीऽ तित्ती!”

कोंबड्या परसवाच्या मधोमध थांबल्या. माना वळवून तिच्याकडे बघितलं.

बेटातून पुन्हा हाक आली. या खेपेला जरा मायेने.

कोंबड्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

मग बेटाकडे चालू लागल्या.

केरू धावला. दोन कोंबड्या त्याने हातात धरल्या, दोन पायांनी परसवात लोटल्या. नूतनने कोंबडा पदरात पकडला, तो इतका थरथरत होता की तिचे हात हलत होते. दोन कुंपणावर चढून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागे जायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

खुराड्याची कडी लावल्यावर केरू तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला.

“काय होतं, दादा?”

“ठाव नाय,” तो म्हणाला. “वाघराची बोली ठाव हाय, भेकराची ठाव हाय. समदं रान फिरलोय मी. ह्ये ठाव नाय.”

नूतनने त्याला हात जोडले. कालच्या बोलण्याची माफी मागायला तोंड उघडलं. “राहूंद्या,” तो म्हणाला. “पन वहिनी, ह्यापुढं बाहेर हाक मारू नका. कोंबड्यांना नाय, कोनालाच नाय.”

संध्याकाळी सुशीलने सगळं ऐकून घेतलं. “कोनीतरी मोबाईलवर तुझा आवाज भरून घेतलाय,” तो म्हणाला. कोण आणि कशासाठी, ते त्याला सांगता येईना. रविवारी उजेडात तो केरूला आणि आणखी दोघांना घेऊन कोयत्याने वाट पाडत बेटात शिरला. आत, अगदी मधोमध, चार हात मोकळी जागा होती. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. दाणे टाकल्यावर कोंबड्या उकरतात तशी सगळीकडून उकरलेली. पण दाणा एक नव्हता. पीस नव्हतं, हाड नव्हतं, विष्ठासुद्धा नव्हती.

“आत पाखरू बोलत नाय,” तो एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला.

नूतनने उरलेल्या चार कोंबड्या आणि कोंबडा खुराड्यातच ठेवले. हाक बंद केली. दाणे टाकताना ती चमच्याने थाळी वाजवायची, दोन दिवसांत कोंबड्यांना ते उमगलं. केरू पुन्हा कामाला येऊ लागला. त्याच्यावर घेतलेला आळ खोटा होता, हे नूतनने स्वतः विमलबाईच्या दारात जाऊन सांगितलं. दुपारी बेटातून हाक यायची. कोंबड्या खुराड्यात जाळीला चिकटून उभ्या राहायच्या. रोज यायची, मग एक दिवसाआड, मग चारेक दिवस आलीच नाही. नूतनला रात्री झोप लागू लागली.

त्यानंतरच्या गुरुवारी वालाच्या शेंगा सोलायला काढल्या. सुशील कामावर होता. नूतन आणि इंदुबाई पुढच्या पडवीत समोरासमोर बसल्या, मध्ये सूप. ऊन उतरायला अजून अवकाश होता. शेंगा तडतड फुटत होत्या, दाणे सुपात पडत होते. इंदुबाईंची बोटं तरुण बाईसारखी भराभर चालली होती.

“नूतन!”

हाक मागून आली, परसवापलीकडून.

“आले आई,” नूतन म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठलीसुद्धा.

मग ती तशीच थांबली.

इंदुबाई समोर बसल्या होत्या. मान खाली, शेंग हातात.

“नूतन, हितं ये गो,” मागून पुन्हा आवाज आला. इंदुबाईंचाच. दमलेला, बसलेला, सकाळपासून हाका मारत असावा तसा. “पायात काटा मोडलाय. मला येता येत नाय. कवाची हाका मारतेय, ऐकत का नाय तू?”

नूतन परत खाली टेकली.

“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “ऐकलंत?”

इंदुबाईंनी मान वर केली. तिच्याकडे बघून हसल्या, होकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सोलायला लागल्या.

तेव्हा नूतनच्या ध्यानात आलं, सकाळी आई ओढ्याकडून सरपण घेऊन आल्या, तेव्हापासून त्या एक शब्दही बोललेल्या नव्हत्या.