चार माणसांत बोल

"ओ रंगारीबुवा! वजन किती तुमचा?"

गुरुदास थबकला. एका हातात निळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, कानामागे पेन्सिल. असा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, आणि इतक्या गोड आवाजात तर नाहीच नाही. मागे कोणी जाडजूड माणूस असेल म्हणून त्याने वळून बघितलं. मागे नुसतं फणसाचं झाड होतं.

"तुमकाच इचारतंय," ती म्हणाली. "झाडाक नाय."

पंच्याऐंशी सालचा मे महिना. चाकरमानी मुंबईहून आलेले, शाळा बंद, घरोघर आंब्यांचा घमघमाट. अशात मिठबावच्या मंडळाने ठरवलं, शाळेच्या मैदानावर तीन दिवस मेळा करायचा. भजनं, फुगड्या, रांगोळ्या, पोरांची चित्रं... आणि प्रत्येक वाडीने आपल्या हातचं काहीतरी करून खायला घालायचं. रंगमंचाचा पडदा रंगवायचं काम गुरुदासकडे आलं. एरवी तो होड्या रंगवायचा. हातात कला होती, पण तोंडाला कुलूप. त्याची आई म्हणायची, ह्याच्याशी बोलण्यापेक्षा माडाशी बोललेलं बरं, माड निदान सळसळतो तरी.

तर हे कुलूप डबा हातात घेऊन उभं होतं आणि समोर पदर खोचलेली, कपाळावर घाम डवरलेली एक मुलगी. बाजूला विमला, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष भाई यांची बायको. उजव्या हाताला फडकं गुंडाळून बसली होती.

"अरे गुरुदासा, हात भाजलो माझो वाफेन," विमला म्हणाली. "ही माझी भाची, शुभदा. शिरवाळे करूक दोन माणसा लागतत. जरा दाब बघू."

शिरवाळे हे दोघांचंच काम. एकाने तांदळाच्या उकडलेल्या पिठाचा गरम गोळा साच्यात घालायचा आणि वरून जीव खाऊन दांडा दाबायचा. दुसऱ्याने खाली ताट धरून उतरणारे तार गोल गोल फिरवून घ्यायचे. गोळा निवला की संपलं. मग पैलवान आणलात तरी तार उतरत नाही.

गुरुदासने डबा ठेवला आणि दांडा धरला.

"दाबा... दाबा... अहो, सकाळी जेवलात काय नाय?"

"जेवलंय."

"मग ता गेला खंय?"

गुरुदासला राग नाही आला, हसूच आलं. तो दांड्यावर असा लोंबकळला की त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. साचा करकरला, पांढरेशुभ्र तार खाली उतरले, आणि ती... ती हसत सुटली. पण हसता हसता तिचा हात मात्र चुकला नाही. ताट फिरत होतं, मनगट फिरत होतं, हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या, आणि एकावर एक वेटोळी अशी बसत होती की गुरुदास बघतच राहिला. आपण ब्रशने अशी रेघ कधी ओढू शकू काय, असं त्याला वाटून गेलं.

"बघतास काय? दुसरो गोळो घाला, निवता तो."

"हां."

"मी वालावलची. डी.एड.ची परीक्षा दिलंय. निकाल लागासर मामीकडे इलंय. आणि तुमी?"

"गुरुदास."

"ता मामीन सांगला. फुडे?"

"...रंगवतंय."

"ताही दिसता," ती गालात हसत म्हणाली. "नाकार निळो रंग आसा तुमच्या."

त्याने घाईघाईने नाक पुसलं आणि तो रंग गालभर फासला. पुढचे दोन गोळे ती नुसती हसत होती आणि तो नुसता दाबत होता. नारळाच्या रसात गूळ, वेलची, त्यात ते शिरवाळे. दुपारपर्यंत पातेलं रिकामं! लोक बोटं चाटत होते आणि विचारत होते, दाबले कोणी? विमला गुरुदासकडे बोट दाखवायची. त्याला वाटायचं, ह्यात आपलं काय? हात तर तिचा.

संध्याकाळी फुगड्या झाल्या. शुभदा परगावची म्हणून तिला कोणी जोडीला घेत नव्हतं, पण तिने पदर खोचला आणि जी फिरायला लागली... मिठबावच्या बायका एकेक करून दमून खाली बसल्या, ही आपली फिरतेच आहे. तोंडाने गाणं, पायात ताल, वेणी हवेत. सुरूच्या झाडांतून समुद्राचा वारा येत होता आणि गुरुदास रंगमंचाच्या मागे, हातात सुकलेला ब्रश घेऊन उभा. भाई शिट्टी वाजवत पोरांना बायकांच्या बाजूने हाकलत होते. त्यालाही हाकललं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली. हातात वाटी.

"घेवा. काल दाबलात, पण खाल्लात नाय. मामी म्हणाली, देवन ये." मग पडद्याकडे बघत उभी राहिली. निळा समुद्र, किनारा, माड, पाच होड्या. "बरो झालो हा पडदो. पाणी तर असा वाटता, हात घातलो तर भिजतलो."

कोणीतरी आपल्या रंगाकडे इतका वेळ बघितलं, ह्यानेच गुरुदासचं पोट भरलं. वाटी तशीच हातात राहिली.

"पण रंगारीबुवा... होड्यो सगळ्यो खंय चलल्यो?"

"दर्यात. मासळेक."

"सगळ्यो जातत. येक तरी परत येवची काय नको?"

एवढं बोलून ती गेली. गुरुदास दिवसभर भजनं ऐकत होता, पण कानात एकच वाक्य. शेवटच्या दिवशी उजाडायला लागताच तो शिडी लावून पडद्यावर चढला. सहावी होडी काढली, किनाऱ्याकडे येणारी. आणि किनाऱ्यावर, माडाखाली, एक मुलगी. पिवळ्या साडीतली.

शुभदा घागर घेऊन विहिरीवर निघाली होती ती पडद्यासमोर थांबली. बोटाने एकेक होडी मोजली.

"ही होडी काल नाय होती."

"नाय."

"आणि ही पिवळ्या साडयेतली कोण?"

"ती... आसा कोणतरी."

"कोणतरी म्हणजे? माझ्याकडेय पिवळी साडी आसा हां. पयल्या दिवशी तीच नेसलेलंय."

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. तो शिडीवरून उतरला, जवळ आला, आवाज एकदम खाली आणला. "तुमका... तुमका एक सांगाचा होता... माका—"

"थांब." तिने हात वर केला. 'तुमी' कधी गळून पडलं, तिचं तिलाही कळलं नाही. "हयसर नको सांगू."

"कित्याक?"

ती घागर खाली ठेवून पायरीवर बसली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"माझी मोठी बहीण, नर्मदा. आमच्या तळ्याच्या पायऱ्यांर येक जण तिच्याशी असोच हळू आवाजात गोड गोड बोलायचो. वरीसभर. मग घरात इषय निघालो. बाबांनी त्येका बोलयल्यानी, चार माणसा बसली होती. तर तो मान खाली घालून म्हणालो, मी हिका वळखत नाय." तिने घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. "ती आता हसता, बोलता, सगळा करता... पण तळ्याकडे फिरकत नाय. तेवापासून मी ठरवलंय. कोपऱ्यातला बोलणा माका नको. काय सांगाचा आसा ता चार माणसांत सांग. नायतर सांगूच नको."

"चार म्हणजे... कोण चार?"

"ता तू बघ." तिला मधेच हसू फुटलं, पण लगेच विरलं. "आणि उद्या पयल्या एस्टीन मी वालावलाक जातंय."

तो सगळा दिवस गुरुदासने चार माणसं शोधण्यात घालवला. एकदा भाईंच्या समोर जाऊन उभा राहिला. भाई म्हणाले, "काय रे?" हा म्हणाला, "कोकम सरबत व्हया काय?" आणि खरोखरच पेला घेऊन आला! दुसऱ्यांदा विमलाकडे गेला, तर तिने हातात नारळ आणि किसणी दिली. किसून आला परत. शुभदा लांबून सगळं बघत होती. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा मात्र तिने नजर दुसरीकडे वळवली... आणि ते त्याला चटका लागल्यासारखं लागलं.

सूर्य समुद्राला टेकायला आला तसे सगळे मैदानावर जमले. शेवटचं काम राहिलं होतं, गाऱ्हाण्याचं. कार्य पार पडलं की देवासमोर नारळ ठेवून एकाने गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हा मान गुरुदासच्या घराचा. त्याचे काका, दाजी, गाऱ्हाणं घालायचे तेव्हा म्हणे समुद्रसुद्धा ऐकायचा. पण तीन दिवस कर्ण्यावरून ओरडून ओरडून दाजींचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा येत होती.

"आता गाऱ्हाणा कोण घालतलो?" भाईंनी विचारलं.

दाजींनी बोट दाखवलं. गुरुदासकडे.

मैदानभर हशा पिकला. "ह्यो? ह्यो सोताचा नाव सांगूकसुद्धा इचार करता!" कोणीतरी ओरडलं. गुरुदास नाही म्हणणार होता. अगदी जिभेवर आलं होतं. मग त्याने समोर बघितलं. चार काय, अख्खा गाव बसला होता.

तो उठला. नारळासमोर हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!" आवाज फाटला. खाकरून पुन्हा. "बा देवा म्हाराजा! आज मिठबावच्या ल्हानाथोरांनी मिळान ह्यो जो काय मेळो केलो, तो तुझ्या चरणी रुजू करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलामाकला आसात, ता लेकरांचा समजान पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेल्या होड्यांका आणि मुंबयक गेल्या पोरांका सुखान घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज आता चढला होता. दाजी कौतुकाने मान डोलवत होते. गुरुदासने दीर्घ श्वास घेतला.

"आणि म्हाराजा... ह्यो गुरुदास... तीन दिवसांत येडो झालो हा. वालावलच्या शुभदाक, तिची मर्जी आसात तरच, ह्या गुरुदासाच्या घरात सून म्हणान हाड रे म्हाराजा!"

'व्हय' म्हणायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली. लाटा तेवढ्या ऐकू येत होत्या. भाई खुर्चीवरून अर्धे उठले, हात शिट्टीकडे गेला. बायकांच्या बाजूला सगळ्या माना एकदम शुभदाकडे वळल्या... आणि शुभदाने मान खाली घातली.

गुरुदास हलला नाही. हात जोडलेले, नजर तिच्यावर. बोलून झालं होतं, सगळ्यांच्या समोर. आता तिची पाळी होती, आणि तीसुद्धा सगळ्यांच्या समोरच.

शुभदाचे हात पदराशी चाळा करत होते. मग ते थांबले. ती उभी राहिली. मान ताठ होती.

"व्हय..." एवढुसा आवाज. तिने पदर खोचला आणि परत म्हणाली, ह्या वेळेला पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विमलाने फडकं बांधलेला हात वर केला. मग एक म्हातारी, मग पोरं, मग सगळं मैदान असं गरजलं की सुरूतले कावळे उडाले.

"अरे, पण माका कोणी इचारल्यानी?" भाई म्हणाले.

"देवाक इचारल्यान ना?" विमला म्हणाली. "बसा खाली."

पुढचं गाऱ्हाणं काही गुरुदासला आठवेना. शेवटी दाजींनीच त्याच्या समोरचा नारळ उचलला आणि फोडला. लोक उठले, पोरं प्रसादावर तुटून पडली, बायका शुभदाला कोपरखळ्या मारू लागल्या. त्या गर्दीतून वाट काढत ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

"उद्या पयल्या एस्टीन मी जातंय. बाबांका इचारूक कोण येतलो?"

"मी येतंय!" गुरुदास इतक्या मोठ्याने बोलला की पार फाटकापर्यंत गेलेले भाई मागे वळून बघायला लागले.